शेवटची हजेरी

तुमसरच्या राइस मिलवरून जाताना उकडलेल्या धानाचा वास आला, की मला आमच्या गावातलं, याच वासाने भरलेलं प्रार्थनाघर आठवतं. पोरं कामासाठी नागपूरला गेली, उरलेले मोबाइलवरच रविवारची भक्ती ऐकू लागले, आणि एका रविवारी पास्टरांनी मला तिथे कायमचं कुलूप लावून यायला सांगितलं. मी भर दुपारी गेलो, तर आमच्या मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई पुढच्या बाकावर एकटीच बसून एकेकाचं नाव घेत होती आणि प्रत्येक नावानंतर उत्तराची वाट पाहत होती. "काकू, चला, बंद करायचं आहे," मी म्हणालो. "थांब न बाबू, हजेरी होऊन राहिली. सारे आले हायेत," काकू मागे न पाहता म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या बाबांचं नाव घेतलं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. माझ्या पाठीमागच्या रिकाम्या बाकावरून कोणीतरी दोनदा खोकलं, बाबा प्रार्थनेआधी घसा साफ करायचे अगदी तसंच. मी वळून पाहिलं नाही. "आयकू आला का तुले?" काकूंनी आशेने विचारलं. "नाही," मी म्हणालो. "मंग मलेच भास होऊन राहिले वाटते," म्हणत त्या हळूहळू उठल्या, बाहेर गेल्या, आणि पुन्हा कधी भक्तीला आल्या नाहीत. आता भक्ती तालुक्याच्या हॉलमध्ये होते, पडद्यावर गाणी लागतात, सगळ्या खुर्च्या भरतात, लोक उभे राहून प्रभूने काय दिलं याची साक्ष देतात. माझी पाळी आली की मी शेताची, पोरांची साक्ष देतो. त्या दुपारी मी खोटं बोललो, हे अजून प्रभूलाही सांगितलेलं नाही.