ज्याचा त्याचा कोपरा

लातूरच्या ट्यूशन एरियात हनीफचाचांबद्दल एक गोष्ट सांगतात. होस्टेलात नवीन पोरगी आली की गादी पसरायच्या आधी तिला ती ऐकावी लागते. आमच्या रेक्टर तारामती मॅडम ती नाकातून सांगतात, प्रत्येक वाक्यानंतर चष्मा वर ढकलत: “समोर तो मोबाईलची कव्हरं शिवणारा बसतो ना, तो भूकंपात दोन दिवस ढिगाऱ्याखाली होता हं. म्हणून छपराखाली बसत नाही. म्हणून फारसा बोलत नाही. उगाच गप्पा मारायला जाऊ नका.” टपरीवाला मलप्पा उदगीरकडचा. त्याच्या गोष्टीत दोनाचे चार दिवस होतात आणि हात हवेत जातात: “च्यार दिवस रे यप्पा! वर दगड, खाली दगड, मधी ह्यो! भाईर काढला तवा पयलं काय मागितलं? सुई-दोरा!”

मी दोघांच्याही नकला करते. मलप्पाची जास्त चांगली होते. पण गोष्ट खोटी आहे.

भूकंपाच्या त्या पहाटे हनीफचाचा नांदेडला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या गोधडीत होते. फडताळातली भांडी वाजली, त्यांच्या अम्मीनं मांजराला शिवी दिली, आणि ते कूस बदलून झोपले. हे मला त्यांनीच सांगितलं. “मैं तो सोया था, बेटा.” मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. वडिलांचं रेक्झिन आणि ताडपत्रीचं दुकान. किल्लारीकडच्या गावांसाठी ताडपत्र्यांचे ट्रक निघाले, तेव्हा वडिलांनी एका ट्रकात शिलाई मशीन चढवलं आणि मागोमाग पोराला. “तंबू शिवून दे, महिन्याभरात परत ये.” तो महिना अजून संपलेला नाही.

वरून पाऊस, खाली चिखल, आणि हा पोरगा माळावर बसून तंबू शिवतोय. माणसं त्यांना फारशी आठवत नाहीत, किंवा आठवतात आणि सांगत नाहीत. भिंतींचं मात्र सांगतात. “दोन-दोन हात जाड, बेटा. लोकांनी मजबूत म्हणून बांधलेल्या. वर मातीचं धाबं, तेबी जाड. जेवढं जाड, तेवढं अंगावर आलं. अन् बाजूला गोठा होता, चार लाकडं अन् वर पत्रा. गोठा उभा. बैल रवंथ करून राहिलेला.” तेव्हापासून त्यांना जाड वस्तूंची चीड आहे. जाड कव्हर मागितलं की मान हलवतात. “जाडीनं काही वाचत न्हाई.”

तंबूंचं काम संपलं, नवी घरं झाली, ताडपत्री कुणाला नको झाली. तोवर लातुरात गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या आणि डॉक्टर व्हायला निघालेली पोरं गावोगावहून येऊ लागली. चाचांनी त्यांची दप्तरं शिवली. मग पोरांच्या हातात मोबाईल आले, तेव्हा मोबाईलची दप्तरं. आमच्या होस्टेलसमोर, मलप्पाच्या टपरीला लागून त्यांचं टेबल आहे. चार बांबू, वर ताडपत्री. छपराखाली न बसण्याचं कारण भूकंप नाही, गाळ्याचं भाडं आहे.

टेबलावर मशीन, चपलेच्या सोलचा फोम, सायकलच्या जुन्या ट्यूबा, रेक्झिनचे तुकडे, आणि डबाभर मेलेले फोन. नवं कव्हर झालं की त्यात एक मेलेला फोन घालायचा आणि खालच्या शहाबादी फरशीवर टाकायचा. “ठक्” असा आवाज आला की कव्हर नापास. “थप्” आला की पास. काचेकडे ते नंतर बघायचे, आधी कान. मी दोन्ही आवाज तोंडानं काढायला शिकले. एकदा ते गिऱ्हाइकाकडे बघत असताना मागून असा झकास “ठक्” काढला की चाचांनी चांगलं शिवलेलं कव्हर उसवायला घेतलं. मलप्पाला हसून हसून ठसका लागला.

कव्हर पातळ हवं आणि फोनही वाचायला हवा, हे दोन्ही एकदम कसं जमायचं? चाचा म्हणायचे, फोन सगळ्या बाजूंनी पडतच नाही. प्रत्येकाचा एक पडायचा कोपरा असतो. शर्टाच्या खिशात ठेवणारा वाकला की फोन वरच्या कडेवर पडतो. मांडीवर ठेवून अभ्यास करणारी उठली की पालथा पडतो. डावखुऱ्याचा कोपरा वेगळा, गाडीवरून बोलणाऱ्याचा वेगळा. तेवढ्या एका कोपऱ्यात ते फोमची दुहेरी घडी घालायचे आणि फोम न् फोनच्या मध्ये नखाएवढी पोकळी ठेवायचे, म्हणजे धक्का आधी पोकळीत जिरतो. काचेच्या भोवती कड जरा उचललेली. बाकी सगळीकडे एकच पातळ थर. जुन्या फोनवर पोचे असले तर कोपरा लगेच कळायचा. नसले तर माणूस बघावा लागायचा. “टाक बरं, जसा पडतो तसा,” असं सांगून उपयोग नसतो. मुद्दाम टाकलेला फोन खोटा पडतो.

कव्हर हातात देताना ते प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचे: “फुटला तर परत ये, काच माझ्याकडून.”

आणि कुणीच परत येत नव्हतं.

मलप्पानं एकदा ते बोलून दाखवलं. “चाचा, तुमचं कव्हर चांगलं हाय म्हणून पोरं येईनात, का इसरली म्हणून येईनात? कसं कळावं?” पलीकडच्या प्लास्टिक कव्हरवाल्याकडे सतत गर्दी. त्याची कव्हरं तडकतात, पोरं पुन्हा येतात, भांडतात, बसतात, त्याला सगळ्यांची नावं पाठ. “एक टाका ढिला सोडा की,” मलप्पा म्हणाला. “पोरगं परत येतंय, च्या पितंय, बोलतंय. तुमचंबी भलं, माझंबी भलं.”

चाचा दोरा दातानं तोडत म्हणाले, “नक्को.”

मे महिन्यात परीक्षा होते आणि गल्ली रिकामी होते. गाद्या, बादल्या, पुस्तकांची पोती रिक्षात जातात. कोण कुठला कोपरा आपटतो हे चाचांना ठाऊक, पण तो आता कुठल्या गावात आपटतोय, ते नाही. “एकानं जरी येऊन सांगितलं ना,” ते मला एकदा म्हणाले, “की चाचा, पडला होता, वाचला. तर कळंल, मी एवढी वर्षं इथं काय करून राहिलो.”

“नांदेडला का नाही जात?” मी विचारलं.

ईदला जातात की. दुकान त्यांचे भाऊ बघतात. पुतण्या यासेर त्यांना ट्रेमधून पाणी आणून देतो. “ट्रेमधून,” चाचा म्हणाले आणि हातानं तो ट्रे दाखवला. “माझ्याच घरात.” दुसऱ्या दिवशी ते परत येऊन टेबलाशी बसतात, गल्लीला सुट्टी असली तरी.

आता माझं. मी ऋतुजा, इस्लापूरची. आमचे फोन मॅडमकडे बादलीत जमा असत आणि संध्याकाळी तासभर मिळत. तेवढा वेळ अख्खी गल्ली फोन कानाला लावून येरझाऱ्या घालायची. “हो, जेवले. हो. वांगं. हो, झोपते लवकर. ठेवू?” काही जणी तर फोन कट झाल्यावरही तो कानालाच धरून चालत राहत, आत जायला नको म्हणून. त्यांची नक्कल ही माझी सगळ्यात गाजलेली नक्कल. मान वाकडी, हात कानाशी, “हो... हो... हो...” आणि पलीकडे कुणीच नाही. मलप्पाच्या टपरीपुढे पोरी पोट धरून हसायच्या.

माझा फोन नवा होता, एकही पोचा नाही. म्हणून चाचांना मला बघावं लागलं. बघून बघून ते वैतागले.

“फिजिक्सच्या सरांचा आवाज काढतीस तवा फोन उजव्या हातात, वर. मॅडमचा काढतीस तवा डाव्या हातात, कमरेला. मलप्पाचा काढतीस तवा दोन्ही हात हवेत, फोन कुठं जाईल अल्लाला ठाऊक. तुझा कोपरा कोणता गे?”

“मला कोपराच नाही, चाचा.”

“हर बंदे को रहता.”

“लावा पैज!”

“मी पंच!” मलप्पा गाळणी घेऊनच बाहेर आला.

पैज अशी ठरली. चाचांनी माझा कोपरा शोधून कव्हर शिवायचं, पण कोणता ते सांगायचं नाही. पुढे कधीतरी फोन पडेलच. दुसऱ्या कोपऱ्यावर पडला किंवा फुटला, तर मी फोनवर कळवायचं आणि चाचांनी मलप्पाच्या आवाजात “हरलो रे यप्पा” म्हणायचं. त्यांच्याच कोपऱ्यावर पडून वाचला, तर मी येऊन सांगायचं.

“फोनवर सांगितलं तर?”

“फोनवर न्हाई.” इतक्या पटकन मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. “इथं. येऊन.”

मग मी त्यांना रोज सर्कस दाखवली. मुद्दाम हात बदलायचे. सरांना डावखुरं केलं, मॅडमना दोन्ही हात हलवायला लावले. सरांचं ते “समजलं का? नाही समजलं? समजलं!” चालूच. चाचा सुई थांबवून बघायचे, मान हलवायचे. मला वाटलं, जिंकले. आणि एका संध्याकाळी त्यांनी कव्हर पुढे केलं. काळं, बिस्किटाहून पातळ. मी चारही कोपरे दाबून बघितले. सगळे सारखे.

“दाबून कळायचं न्हाई.”

“सापडला?”

“दिसला.”

“कधी?”

ते मशीन चालवायला लागले.

मे आला. माझी गादी रिक्षात चढली. जाताना मी गल्लीला शेवटची नक्कल दिली, चाचांची, मान खाली घालून, दोरा दातात धरून: “फुटला तर परत ये. न्हाई फुटला तर इसरून जा.” मलप्पा एवढा हसला की चहा उतू गेला. चाचा म्हणाले, “बराबर बोलतीस.” आणि रिक्षा सुरू झाली.

डॉक्टर व्हायचं काही जमलं नाही. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला नाव लागलं. नवीन होस्टेल. तिथं मला एक अजब गोष्ट कळली, नक्कल करायला मूळ माणूस ऐकणाऱ्याच्या ओळखीचा लागतो. मी तारामती मॅडम केल्या, एक पोरगी म्हणाली, “ही कोण?” मी मलप्पा केला, कुणी हसलं नाही. मग मी काहीच केलं नाही. बरेच दिवस.

एका संध्याकाळी होस्टेलच्या दगडी पायरीवर बसले होते. आईचा फोन.

“जेवलीस?”

“हो, जेवले.”

“काय व्हतं?”

“वांगं.”

“बरं, ठेवू का? दूध उतू जायलंय.”

आईनं ठेवला. मी फोन खाली घेतला नाही. “हो,” म्हटलं. समोरून दोन मुली गेल्या. “हो... हो...” त्या दिसेनाशा झाल्यावर हात आपोआप कानावरून मांडीवर आला, तिथून घसरला, दोन बोटांत लोंबणारा फोन सुटला आणि खालच्या पायरीवर डावीकडच्या खालच्या कोपऱ्यावर आपटला.

थप्.

काच शाबूत. मी खोलीत जाऊन नेलकटरनं कव्हरची शिवण उसवली. तीन कोपऱ्यांत एकच थर. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात दुहेरी घडी, आणि आत नखाएवढी पोकळी. म्हणजे लातूरच्या गल्लीतही मी हेच करत होते. ज्यांच्या नकलेवर सगळ्यांना हसवत होते, त्यांच्यातलीच मी एक होते, आणि खेळ संपून पोरी आत गेल्यावर समोर मशीनशी बसलेल्या माणसानं ते पाहिलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. कव्हरात शिवून टाकलं होतं.

रविवारी लातूरची बस धरली. हरल्याचं कसं सांगायचं याची बसमध्ये तयारी केली, मलप्पाच्या आवाजात, दोन्ही हात हवेत: “हरले रे यप्पा, हरले!” शेजारची बाई सरकून बसली.

गल्लीत सगळी नवी पोरं. मलप्पानं मला आधी पाहिलं. “आली! चाचा, ती नकलांवाली आली!”

चाचांनी मशीनवरून मान वर केली. आधी माझ्या हाताकडे बघितलं.

“फुटला?”

“नाही.”

“मग कशाला आलीस?”

मी फोन टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, आणि कपाळाला आठ्या पडल्या. “शिवण कुणी उसवली?”

“मी. बघायचं होतं.”

“कुठं पडला?”

मी कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“वाजला कसा?”

“थप्,” मी तोंडानं काढून दाखवला.

“खोटा तर काढत न्हाईस?”

“नाही, चाचा.”

“फिरून एकदा काढ.”

“थप्.”

त्यांनी डोळे मिटून ऐकला. मग सुई घेतली आणि उसवलेला कोपरा शिवायला लागले.

“अन् पैजेचं काय?” मलप्पा गाळणी हलवत ओरडला. “पंचाला कुणी सांगल का न्हाई? कोण जिंकलं?”

“हरले,” मी म्हटलं.