पाय टेकण्यापुरती जागा

माझा उजवा टोंगळा, म्हणजे पुण्याकडच्यांचा गुडघा, पन्नाशीनंतर बोलायला लागला. मोटरसायकल चालवताना तो गप्प असायचा. गाडीवरून उतरलो की बोलायचा, आणि तो बोलला की माझ्या तोंडून "माय वं" निघायचं. अमरावतीहून चांदूर बाजारच्या कचेरीत रोज मोटरसायकलनं जाणं-येणं, म्हणजे दिवसाचे दोन "माय वं" ठरलेले. कचेरीतल्या "माय वं"ची कोणी दखल घेत नव्हतं, तिथं सगळेच कण्हतात. घरचं मात्र बायको थेट स्वयंपाकघरातून ऐकायची आणि मी चपला काढेपर्यंत तिचा निकाल तयार असायचा.

"इका ते गाडी. यष्टीनं जात जा."

मी तसा शांत माणूस, पण गाडी विकायचं नाव काढलं की माझं डोकं सटकतं. पहिली मोटरसायकल लग्नाच्या वेळची, ही चौदा वर्षांपूर्वीची. माझी सगळी अक्कल मला गाडीवरच सुचलेली आहे. खुर्चीवर बसून मी आजवर एकही धड निर्णय घेतलेला नाही. शिवाय आम्ही दोघं जिथं गेलो तिथं गाडीनंच गेलो. ती मागं एका बाजूला पाय सोडून बसणार, आणि तिची पाच बोटं माझ्या खांद्यात अशी रुतणार की घरी आल्यावर शर्ट काढला तर वळ दिसावेत. याचं मला आतून फार कौतुक. आजकाल मागे बसलेल्या बायकांच्या हातात मोबाइल असतो. माझ्या बायकोच्या हातात सत्तावीस वर्षं माझा खांदा आहे, असं मी कचेरीत दोनतीनदा बोलूनही दाखवलं होतं.

यष्टीच्या विरोधात मी एक बिनतोड मुद्दा मांडला. स्टँडवर तासभर उभं राहायला काय टोंगळे लागत नाहीत? तिनं तो मुद्दा कोथिंबिरीच्या पिवळ्या पानांबरोबर निवडून टाकला. शेवटी अट घातली तीही तिनंच. अकोल्याला जठारपेठेत तिच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती.

"त्या दिवशी गाडीनंच जाऊ," ती म्हणाली. "अकोल्याले उतरतानी तुमच्या तोंडून 'माय वं' नाई निंघालं, तं ठेवा गाडी. निंघालं, तं माहा भाऊच गिऱ्हाईक पाह्यन."

मेव्हणा गिऱ्हाईक पाहणार म्हणजे गाडी गेलीच. त्या माणसानं बहिणीचा शब्द कधी खाली पडू दिलेला नाही, माझा कधी वर उचललेला नाही.

आधी मी तोंड बंद ठेवायचा सराव केला. तीन दिवस "माय वं" गिळलं. चौथ्या दिवशी तिन्ही दिवसांचं एकदम बाहेर आलं आणि शेजारीण फाटकापर्यंत धावत आली. मग मी मोबाइल उघडला. जगात आपल्यासारखे पुष्कळ आहेत हे तिथं कळतं. त्यांच्यासाठी गाडीचे वेगळे फूटरेस्ट मिळतात: रुंद, धातूचे, आणि पाय ठेवायची जागा दीड इंच खाली नेणारे. पाय खाली गेला की टोंगळा तेवढा कमी दुमडतो. पार्सल कचेरीच्या पत्त्यावर मागवलं, कारण घरच्या पत्त्यावर आलेलं पार्सल आमच्याकडे माझ्याआधी उघडलं जातं.

राजापेठेतल्या माझ्या मेकॅनिकनं ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"गाडी म्हातारी झाली म्हणून लोकं येतेत," तो म्हणाला. "स्वतः म्हातारे झाले म्हणून गाडी घेऊन आलेले तुमीच पयले."

बोलला तसं, पण काम झकास केलं. जुने रबरी फूटरेस्ट काढले, नवे बसवले, गिअरचा दांडा एक दात खाली घेतला. मी जुने दोन्ही रबरी तुकडे फडक्यात गुंडाळून गाडीच्या बाजूच्या डब्यात टाकले. काहीही फेकायचं नाही, हा आमच्या घराण्याचा आजार आहे. मग पाय टेकवून बसलो आणि खरं सांगतो, सिंहासनावर बसल्यासारखं वाटलं. टोंगळा चकार शब्द बोलेना.

मेकॅनिक फक्त एक गोष्ट विसरला, ब्रेक खाली घ्यायचा. पाय दीड इंच खाली उतरला होता आणि ब्रेक आपला होता तिथंच. गल्लीच्या वळणावर एक भाजीची गाडी आडवी आली तेव्हा माझा पाय ब्रेक शोधत राहिला आणि पुढचं चाक वांग्यांच्या ढिगाला टेकून थांबलं.

"वांगे घ्याचे असन तं उतरून घ्या ना भाऊ," भाजीवाला शांतपणे म्हणाला.

चूक माझी, त्यामुळे दोन किलो घ्यावी लागली. गाडी परत नेऊन ब्रेक खाली करून घेतला. पण ज्या माणसानं लग्नानंतर स्वतःहून कधी भाजी आणली नाही, तो दोन किलो वांगी घेऊन घरी आला की संशय येणारच. बायकोनं पिशवीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एकदा बाहेर गाडीकडे पाहिलं आणि वांगी चिरायला घेतली. पुढचे चार दिवस मी वांगी खाल्ली, तीही कौतुक करत.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी निघालो. ती जरीच्या साडीत, मांडीवर आहेराची पिशवी, बोटं खांद्यात रुतलेली. बडनेरा गेलं, टोंगळा गप्प. मूर्तिजापूरला चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली आणि ती उतरायची वाट न पाहता मीच आधी पाय टाकून उतरलो. तोंडून हूं नाही की चूं नाही. मिशीला पीळ देत मागे वळणार, तेवढ्यात आवाज आला.

"माय वं!"

तिचा होता. गाडीवरून उतरून ती सीटला धरून उभी होती, डावा पाय जमिनीवर नीट टेकत नव्हता.

मला इतका आनंद झाला की माझं भान सुटलं. "आता गिऱ्हाईक कोनाले पाहाचं?" मी विचारलं. "गाडीले का तुले?"

ती हसली नाही. बाकावर बसली आणि पोटरी चोळत राहिली.

"पाय मेला," ती म्हणाली. "दरखेपी मरते. तुमी पुढं पाहून चालता, तुमाले काय दिसन."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? तो तुमचा खालचा पत्रा. माहा पाय तठी पोचतच नाई."

आलेला चहा तसाच ठेवून मी उठलो आणि तिला पुन्हा गाडीवर बसायला लावलं. टपरीवरची चार माणसं बघत होती, बघू दिलं. ती नेहमीसारखी बसली. एका बाजूला बसणाऱ्या बायकांसाठी गाडीला खाली जी पत्र्याची पट्टी असते, तिच्यापासून तिची चप्पल चांगली चार बोटं वर लटकत होती. माझी बायको ठेंगणी आहे हे मला ठाऊक होतं. तिच्या उंचीवरून मी तिला रोज चिडवतो. पण त्या उंचीचं आणि त्या पट्टीचं काही नातं असेल हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

"सांगायचं नाई का मंग?"

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "लग्न झाल्यावर पयल्यांदा बसली, तवाच. पाय टेकत नाई म्हटलं. तुमी म्हणाले, पकडून बस. मंग बसली पकडून. सत्तावीस वर्सं झाले बसून राह्यली."

मला माझ्या खांद्यावरचे वळ आठवले. कचेरीत मारलेल्या बढाया आठवल्या. लाज वाटली, सरळ सांगतो.

"आन् ते नवे चमकते पायदान," ती पुन्हा बाकावर येऊन चहाचा घोट घेत म्हणाली, "मले वांग्याच्या दिवशीच दिसले होते."

अकोल्याला जठारपेठेत मी आवाज न करता उतरलो. मेव्हणा दारातच उभा होता. "जिंकले हे," ती त्याला म्हणाली, "गाडी इकाची नाई," आणि आत निघून गेली. पूजा झाली, जेवणं झाली, पुरणपोळीही चांगली होती, पण घास गोड लागेना. पंगत उठल्यावर मी तिला म्हणालो, चल. ती कुठं म्हणून न विचारता निघाली.

मेव्हण्याच्या घरामागे एक गॅरेज होतं. मी डब्यातून फडकं काढलं आणि जुना रबरी तुकडा तिथल्या मेकॅनिकच्या हातात दिला. पट्टीच्या वर एक लोखंडी तुकडा जोडून त्यावर हे बसव म्हणालो. गाडी मोठ्या स्टँडवर घेतली आणि ती जरीची साडी सावरून वर बसली.

"अठी का वहिनी?"

"वर घ्या."

"अठी?"

"अजून."

त्यानं तीनदा जागा बदलली. तिनं घाई केली नाही. सत्तावीस वर्षांनी माप घेतलं जात होतं, ती काय म्हणून घाई करेल. शेवटी चप्पल टेकली, तिनं दोनदा दाबून पाहिलं आणि मान हलवली.

"नवं तुमाले, जुनं मले," ती मला म्हणाली. "वा."

मी मेकॅनिकचे पैसे चुकते केले.

उन्हं उतरायच्या आत परत निघालो. बोरगाव मंजू मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं की खांद्यावर काहीच नाही. आरशात पाहिलं. बाई दोन्ही हात पिशवीवर ठेवून, पाय टेकवून, शेतं बघत बसली होती.

"पडशील," मी म्हणालो. "पकडून बस."

"काहून? टेकते ना आता पाय."

तेही खरंच होतं. मी गाडी चालवत राहिलो, पण खांदा इतका मोकळा लागत होता की नव्या फूटरेस्टचं सुखही जाणवेना. मूर्तिजापूर ओलांडल्यावर हात आला. हलकाच, नुसता ठेवलेला. मी लगेच छाती काढून बसलो.

"आंगात नोका आणू," ती कानाशी म्हणाली. "आता मर्जीनं ठेवला."

अमरावतीला फाटकापाशी गाडी लावली आणि मी बेसावधपणे उतरलो. दिवसभराचा टोंगळा एकदम बोलला. "माय वं," असं चांगलं खणखणीत निघालं. मी तसाच हँडल धरून उभा राहिलो.

ती माझ्याआधी उतरली होती. कुलूप काढता काढता म्हणाली, "अट अकोल्यापर्यंतचीच होती. या आत, तेल गरम करते."