मांडावरची चाकं

आमच्या पेडणे तालुक्यातल्या गावात मुलांचं मैदान आणि देवाचा मांड एकमेकांना चिकटून आहेत. मांड म्हणजे शिगम्याचे पहिले ढोल जिथं वाजतात, पालखी जिथं टेकते, ती शेणानं सारवलेली चौकोनी जागा. रस्त्यावरून दोन पायऱ्या चढायच्या, चपला काढायच्या, मांड ओलांडायचा की मैदान. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला तळी, मागं पंचायत. मांडावर चपला चालत नाहीत हे आमच्याकडे पोर चालायला लागल्याबरोबर शिकवतात.

गोवा राज्य झालं तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि धाकटी बहीण दहाची. त्याच सुमारास मैदानात लोखंडी झोपाळे आणि घसरगुंडी आली. मोठी माणसं तेव्हा दुकानाच्या फळीवर बसून मराठी की कोंकणी यावर भांडायची. आम्ही भांडायचो झोपाळ्याच्या पाळीवरून, आणि आमचं भांडण दोन्ही भाषांत चालायचं.

बहिणीच्या पायांतलं बळ पोलिओनं लहानपणीच गेलं होतं. मी तिला पाठुंगळी घेऊन मैदानात न्यायची. तिचे पाय जमिनीला लागतच नसत, म्हणून चपलांचा प्रश्न कधी आला नाही. झोपाळ्यावर बसवली की दोन्ही साखळ्या घट्ट धरून ती मला हुकूम सोडायची, "आनीक वयर." मी धापा टाकत ढकलायची. तिच्याइतकी उंच झोके घेणारी मुलगी गावात दुसरी नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

मग ती जड झाली आणि मला मैत्रिणी मिळाल्या. एका संध्याकाळी मी तिला रस्त्याकडेच्या पायरीवर बसवलं, "आत्ता येते" म्हणाले आणि मैत्रिणींबरोबर मैदानात गेले. खेळात तिला विसरले. परत आले तेव्हा घरोघरी दिवे लागले होते आणि ती तिथंच बसली होती. रडली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी न्यायला गेले तर म्हणाली, अभ्यास आहे. त्यानंतर तिनं मला कधी ने म्हटलं नाही आणि मीही कधी नेलं नाही. याची लाज मला अजून वाटते.

ती काही घरात कुढत बसली नाही. तुयेच्या कारखान्यात नोकरीला लागली, घरात वावरायला व्हीलचेअर आणि बाहेर फिरायला जोडचाकांची स्कूटर घेतली, मांद्र्यापासून हरमलपर्यंत एकटी फिरली. मी लग्न होऊन त्याच गावात दोन वाडे पलीकडे गेले, शाळेत शिकवू लागले. पण शिगमा असो, नाटक असो, ती स्कूटर रस्त्यावर लावून तिथूनच बघायची. सगळ्या गावाला त्याची सवय झाली. मलाही झाली, हे त्याहून वाईट.

झोपाळे गंजून कुरकुरायला लागले तेव्हा पंचायतीनं मैदान नव्यानं करायचं ठरवलं आणि एक समिती नेमली. माझं अक्षर चांगलं म्हणून मला चिटणीस केलं. म्हापशाहून एक तरुण आर्किटेक्ट मुलगी आली. मला आधी वाटलं, ही आता रंगीत प्लास्टिकचे हत्ती आणून बसवणार. पण ती चार दिवस नुसती मुलांबरोबर जमिनीवर बसून त्यांच्याकडून चित्रं काढून घेत होती. जुन्या लोखंडातलं चांगलं ते ठेवायचं, बाकी आपल्याच चिऱ्यांत बांधायचं, झोपाळ्याखाली सिमेंटऐवजी नारळाच्या सोडणांचा, म्हणजे काथ्याच्या सालींचा, मऊ थर, पायऱ्यांजवळच्या भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाला हात लावायचा नाही. एक झोपाळा तर पाटासारखा सपाट, व्हीलचेअर त्यावर चढवून कड्या लावायच्या आणि झोका घ्यायचा. तो कागद मी दोनदा माझ्याकडे ओढून पाहिला.

"आणि इथं पायऱ्यांच्या जागी उतार," असं म्हणत तिनं मांडावर बोट ठेवलं.

समितीतला किराणा दुकानवाला ताडकन म्हणाला, चाकं रस्त्यावरून येणार, मासळीबाजारातून येणार, शेणातून येणार. चपला चालत नाहीत तर चाकं कशी चालतील? मांडाचा विषय निघाला की आमच्याकडे शहाणी माणसंही गप्प होतात. शेवटी तोडगा निघाला की व्हीलचेअरसाठी मागून, पंचायतीच्या भंगाराच्या शेडकडून वाट काढायची. मी मान डोलावली. माझ्याच सुंदर अक्षरात ते लिहून घेतलं आणि आनंदानं बहिणीला सांगायला गेले.

ती डबा भरत होती. मान वर न करता म्हणाली, "भंगाराकडच्यान मी येवचंय नाय. इतकी वर्सां रस्त्यावयल्यान बगलंय, अजून बगीन."

मी चिडले. इतकी खटपट करून हिला काही पटतच नाही, म्हणून तणतणत घरी आले. रात्रभर तो राग पुरला नाही. ती आत येणार नसेल तर हे मैदान कुणासाठी नवं करतोय आपण, हे पहाटेपर्यंत मला नीट कळलं होतं. सकाळी मी समितीला सांगितलं, मागच्या वाटेचा हा कागद मी फाडते, पुन्हा बसा.

दुसरी बैठक मांडावरच झाली, कारण गावकर आबांना विचारल्याशिवाय तिथला दगड हलत नाही. देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. वय ऐंशीच्या पुढं, बोलणं मोजकं, तोंडात कायम पान. बहीण कारखान्यातून परस्पर आली आणि रस्त्यावर, पायरीला स्कूटर टेकवून थांबली. मी तिच्या वतीनं बोलायला उठले तर तिनं मला हातानंच बसवलं.

"आबा, ही माणसां खंयसून येतत? रस्त्यावयल्यानच मां? तेंचे पाय चलतत, माजी चाकां कित्याक चलणत नाय?"

आबांनी तोंडातलं पान गालात सारलं. मग मांडावर बसलेल्या आम्हां सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"आज मांडार येताना पाय कोणी धुतल्यानी?"

कुणीच धुतले नव्हते. दुकानवाल्यानं पाय धोतराखाली ओढून घेतले.

"हंय बावडी होती. पाय धुतल्याबगर मांडार कोण चडा नाय. बावडी बुजली आनी आमी आळशी जालों, व्हाणो काडल्यो की जाला. चाकां तेच तिचे पाय. धुवन येवंदी. आनी तुमीय धुवन येवा."

झालं. आर्किटेक्ट मुलीनं तिथल्या तिथं कागद काढला. उताराच्या तोंडाशी नळ, माणसाचा पाय आणि चाक दोन्ही मावेल अशी चिऱ्यांची पन्हळ, आणि तिचं पाणी थेट भिरंडाच्या मुळाशी. दुकानवाला दुसऱ्या दिवशी स्वतः नळाची तोटी घेऊन आला. माणूस वाईट नाही, फक्त आधी नाही म्हणायची सवय.

मैदान खुलं झालं त्या संध्याकाळी आबांनी गाऱ्हाणं घातलं. झोपाळ्यावरून कुणी पडू नये, पडलं तर हाडाला लागू नये, पाळीवरून भांडलेली पोरं घरी जाईपर्यंत गोडीत यावीत, असं सगळं त्यांनी देवाकडे मागितलं आणि आम्ही प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणालो. मग गाव नळापाशी रांगेत लागलं. माझ्या हातात फाईल, हार, भाषण करणाऱ्यांची यादी. माझी नुसती धावपळ. बहिणीची चाकं धुऊन झाली. तिनं व्हीलचेअर उतारावर घेतली, तशी मी सगळं सोडून ढकलायला धावले आणि मागचा दांडा धरला.

तिनं वळून माझ्या पायांकडे पाहिलं. "ताई, तुज्यो व्हाणो."

सगळा गाव बघत होता. मांडावर जाणाऱ्या ज्या उतारासाठी मी इतके दिवस भांडले, त्याच्यावर मी चपला घालून उभी होते. आबांनी नळाकडे बोट केलं. मी दांडा सोडला, चपला हातात घेतल्या आणि शाळेतल्या माझ्याच पोरांच्या मागं रांगेत जाऊन उभी राहिले. ती पोरं हसली, मलाही हसू आवरेना.

पाय धुऊन वळले तेव्हा बहीण मांड ओलांडून झोपाळ्यांपाशी पोचली होती. तिला कुणी ढकललं नव्हतं. मी ओल्या पायांनी तिच्या मागून आत गेले.