दहापैकी दहा

बायकोपासून मी जन्मात दोन गोष्टी लपवल्या. एक तंबाखूची, ती तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. दुसरी ही. ती गेली, तरी ही माझ्या पोटातच राहिली. माझ्या वकील विद्याताईंना सांगितली नाही, शेजाऱ्याला नाही, कुणालाच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

आधी मी कोण ते सांगतो. शाळा चौथीपर्यंत. वाचतो, पण बोट ठेवून. लिहितो, पण फार हळू — ही पानं तीन आठवडे चालली आहेत. अकोल्याकडून पुण्यात आलो, तीस वर्षं कारखान्यात लेथ मशीन चालवलं. कुणाचं ऐकून घेतलं नाही. त्याचा तोटा किती झाला ते बायको सांगू शकली असती.

बिबवेवाडीत आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. घरमालकाला खोल्या मोकळ्या हव्या होत्या. आधी त्याने पाणी तोडलं, मग नोटीस धाडली. कुणीतरी विद्याताईंच्या केंद्राचं सांगितलं, तिथे फुकट वकील मिळतो म्हणून. मी म्हणालो, फुकटचा वकील असून असून किती चांगला असणार? गेलो तो खोट काढायलाच गेलो.

त्या बाई साडेचार वर्षं माझ्यासाठी कोर्टात उभ्या राहिल्या. मी त्यांच्यावर दोनदा ओरडलो, एकदा फाइल घेऊन निघून आलो. त्यांनी ती फाइल माणूस पाठवून परत मागवली आणि पुढच्या तारखेला पुन्हा उभ्या राहिल्या. आज त्याच खोल्यांत बसून लिहितोय. बायकोने शेवटचा श्वास याच घरात घेतला, परक्याच्या दारात नाही. हे कुणामुळे, ते मी एक दिवसही विसरलेलो नाही. मग मी जे केलं ते कसं केलं? हेच मला कळत नाही.

निकालानंतर मी केंद्रात जाऊन बसायला लागलो. दाराशी बाक होता, तो माझा. आलेल्याला नंबर द्यायचा, कागद कुठले आणलेत ते बघायचं. दुपारी फोन घेऊन बसायचं — ज्याची तारीख असेल त्याला आदल्या दिवशी कळवायचं. "उद्या अकरा वाजता. आधार कार्ड आणा. नाही, अख्खं घर आणायची गरज नाही." लोक काका म्हणायचे. जन्मभर साहेबांच्या शिव्या ऐकलेल्या माणसाला ते किती गोड लागतं, तुम्हाला काय सांगू.

तीन वर्षांपूर्वी ताईंनी एका संस्थेकडे अर्ज करायचं ठरवलं. घर, पोटगी, पेन्शन असल्या दाव्यांत गरिबाला मदत करणारी जी केंद्रं आहेत, त्यांना कॉम्प्युटर आणि मोबाईलच्या कामासाठी ती संस्था अनुदान देते. ताईंचं म्हणणं, तारीख थेट माणसाच्या मोबाईलवर जावी, कागदाचा फोटो घरबसल्या पाठवता यावा. खडकवासल्याहून एखादी बाई कामाचा खाडा करून येते, आणि आम्ही तिला काय सांगतो? पुढची तारीख. हे थांबलं पाहिजे, असं त्या म्हणायच्या. खरं होतं. माझे फोन बंद होणार म्हणून मला राग आला, तोही खरा. गिळला.

अर्जात एक अट होती. आधी मोबाईलवर चालणारा नमुना तयार करायचा, आणि केंद्रात येणाऱ्या दहा माणसांच्या हातात द्यायचा. मदत करायची नाही. कोण कुठे अडलं ते फक्त लिहायचं.

ताई म्हणाल्या, "काका, हे तुम्हीच करा. तुमच्यासमोर लोक लाजत नाहीत. आणि अडलं तर सरळ फुली मारा. फुल्या आल्या तर आपल्याला दुरुस्त करता येईल."

आदल्या दिवशी मी स्वतः करून पाहिलं. मेसेज उघडला. पडद्यावर केंद्राचं नाव, खाली मोठं हिरवं बटण, त्यावर लिहिलेलं — 'कळलं'. ते दाबलं. पान गेलं. तारीख कुठे होती? ती वर होती, बारीक अक्षरांत, पान बोटाने सरकवल्यावर दिसणारी. मला ती चार वेळा करूनही सापडली नाही. शेवटी ताईंच्या ऑफिसातल्या मुलीने जाता जाता सरकवून दाखवली. तिने विचारलं, "जमलं ना काका?"

"लेथ चालवलंय मी. याच्यात काय आहे न जमण्यासारखं?"

पहिली फुली माझीच होती. ती मी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी दहा माणसं आली. पहिले एक म्हातारे गृहस्थ. फोन हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं — कसं बघितलं म्हणू? मी आदल्या दिवशी फोनकडे बघत होतो तसंच. मला ते बघवेना. मी हात पुढे केला, त्यांचं बोट धरलं आणि बटणावर ठेवलं. "हे हिरवं दाबायचं. झालं." कागदावर बरोबरची खूण केली. मग दुसऱ्याला तसंच केलं, तिसऱ्याला तसंच. दहाच्या दहा जणांना. दुपारी तो कागद ताईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

अनुदान मिळालं. त्याने केंद्राचं भलं झालं, हे मला सांगितलंच पाहिजे. कागद हरवायचे बंद झाले. जिन्यावरची रांग कमी झाली. संध्याकाळी सातनंतर ताई घरी जायला लागल्या, आधी नऊ वाजायचे. त्यासाठी त्या संस्थेचे, ते बनवणाऱ्यांचे उपकार मी मानतो. खोट त्यांच्या मनात नव्हती. त्यांनी तर विचारलं होतं — कुठे अडतं ते सांगा म्हणून.

आता कुसुमबाई. त्या दहा जणांत सातव्या. चार घरची धुणीभांडी करायच्या. नवरा वारला, आणि दीर त्यांना खोलीतून काढायला बघत होता. ताईंनी दावा लावून कोर्टाकडून मनाई आणली होती, म्हणून दीर गप्प होता. कुसुमबाईंची साक्ष राहिली होती. दोनदा पुढे ढकलली गेली, तिसऱ्यांदा कोर्टाने शेवटची संधी म्हणून तारीख दिली. ती तारीख मोबाईलवर गेली.

कुसुमबाई आल्या नाहीत. ताईंनी हात जोडून वेळ मागितला, मिळाला नाही. दावा फेटाळला, त्याबरोबर मनाईही गेली. आठवड्याच्या आत दिराने खोलीला कुलूप लावलं.

त्या केंद्रात आल्या तेव्हा खोली माणसांनी भरलेली होती. मोबाईल पुढे धरून मला म्हणाल्या, "भाऊ, मला तर कुणी कळवलंच नाही." ऑफिसातल्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं. मेसेज पोचला होता. उत्तरही आलं होतं — कळलं.

कळलं. त्यांनी हिरवं दाबलं होतं. दाबायचं, झालं. त्यांच्या बोटाला ते कुणी शिकवलं होतं?

मला त्याच क्षणी समजलं. सगळं समजलं. आणि मी काय बोललो, ते ऐका. सगळ्यांसमोर, मोठ्याने — "दहा जणांना जमलं बाई. मग तुमच्याच बोटाला काय धाड भरली होती?"

दोन-चार जण हसले. मी नेहमी असंच बोलतो, म्हणून हसले.

कुसुमबाईंनी मोबाईल पदराखाली घेतला. म्हणाल्या, "चूक माझीच आहे भाऊ. अडाणी आहे मी."

मी त्यांना ते म्हणू दिलं.

दावा पुन्हा उभा करायला ताईंना पाच महिने लागले. ते पाच महिने कुसुमबाई बहिणीकडे राहिल्या — बहिणीचीच सहा माणसं होती, म्हणून पत्र्याखाली, मोरीच्या बाजूला झोपायच्या. मग कुलूप निघालं. त्या खोलीत परत गेल्या. ताईंनी केलं ते. ताई नसत्या तर? हा विचार मी पुढे नेऊ शकत नाही.

तेव्हापासून मी कुसुमबाईंना प्रत्येक तारखेआधी स्वतः फोन करतो. आणि त्या काय करतात? बाकावर नवीन बाई दिसली की तिला सांगतात, "घाबरू नकोस, भाऊ आहेत. माझी चूक झाली तरी त्यांनी मला सोडलं नाही." माझ्यासाठी कधी भाकरी, कधी शेंगदाण्याची चटणी आणतात. मी खातो. बायको गेल्यापासून माझ्यासाठी दुसऱ्या कुणी भाकरी थापलेली नाही, म्हणून दर वेळी खाता खाता डोळे पुसतो. त्या समजतात, भाऊ हळवे आहेत.

आता ताई पुन्हा अर्ज करताहेत, त्याच संस्थेकडे. या वेळी फॉर्ममध्ये प्रश्न आहे — मागच्या वेळी काय चुकलं? ताईंनी लिहिलेलं मला वाचून दाखवलं. चाचणीत दहापैकी दहा जणांना जमलं होतं, तरी नंतर काही जणांच्या तारखा का चुकल्या, ते आम्हाला कळलेलं नाही. मान वर करून मला विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, लोकांचं लक्ष नसतं.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट आहे ही. तीन वर्षांपूर्वीची नाही. त्याच दिवशी संध्याकाळी वही आणली.

फॉर्म सोमवारी जातो. शनिवारी ही पानं ताईंच्या टेबलावर असतील. त्यांनी काय लिहायचं, बाकावर कुणाला बसवायचं, ते त्या ठरवतील. त्यांनी मला घर दिलं, नाव दिलं, म्हातारपणी रोज उठून जायला जागा दिली. त्याच्या बदल्यात मी त्यांना खोटा कागद दिला आणि त्या तो खरा धरून चालल्या.

कुसुमबाईंना आकडे कळतात, पण वाचता येत नाही. त्या शनिवारीच येतात, अकराच्या सुमारास, गर्दी असते तेव्हा. त्यांना मी हे वाचून दाखवणार आहे. बाजूला नेऊन नाही. बोललो होतो ते भरल्या खोलीत, वाचीन तेही भरल्या खोलीतच.