खडूने लिहिलेलं ‘बंद’

दाराला बाहेरून हे एवढं कुलूप. मी सवयीने शेजारच्या भिंतीवर खडूने ‘बंद’ लिहायला हात उचलला आणि आतून कुणीतरी दार वाजवलं. टक. मग बऱ्याच वेळाने पुन्हा टक.

गुरुवार होता, सकाळचे अकरा. डोक्यावर लख्ख ऊन. तरी अंगावर सर्रकन काटा आला. माझ्याबरोबर सुनंदा होती, गावातलीच सून, आमची आशाताई. एरवी कुणाच्या बापाला न भिणारी. ती माझ्या पाठीमागे सरकली आणि म्हणाली, “सिस्टर, चला इथनं.”

मी तेव्हा आरोग्य सहायिका होते. चाकणच्या कंपन्यांच्या मागच्या अंगाला जी गावं आहेत, तिथे साथीचा ताप कुठे डोकं वर काढतोय यावर नजर ठेवायची, हे माझं काम. त्याला फार अक्कल लागत नाही, पाय लागतात. घरोघर जायचं, ताप आहे का विचारायचं, पिंपात टॉर्च मारून डासांच्या अळ्या बघायच्या. तपासलेल्या शंभर घरांत किती घरी अळ्या सापडल्या, त्या आकड्याला हाउस इंडेक्स म्हणतात. घराला कुलूप असेल तर तारीख घालून ‘बंद’ लिहायचं आणि पुढे जायचं. बंद घर मोजणीत धरत नाहीत. आणि कुठेच काही सापडलं नाही तर फॉर्मवर एकच शब्द: निरंक. म्हणजे सरकारी मराठीतला भोपळा.

त्या आठवड्यात सोमवारी सुनंदाची सुट्टी होती, म्हणून आबांच्या चाळीची ओळ मीच केली होती. आबा तिथले जुने शेतकरी. जमीन कंपनीत गेली, उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या खोल्या बांधून त्यांनी भाड्याने दिल्या. सोमवारी बहुतेक दारांना कुलपं होती. बंद, बंद, बंद करत मी अर्ध्या तासात ओळ उरकली. एका कुलपामागून पंख्याची घरघर ऐकू आली, तेव्हा मी मनातल्या मनात पोरांना शिव्याही घातल्या, की पंखा चालू टाकून जातात मेले. मग निरंक लिहून सही ठोकली. खरं सांगते, वेळेत घरी गेले म्हणून खुशीत होते.

बुधवारी तालुक्याच्या साहेबांचा फोन आला.

“मॅडम, तुमचं गाव निरंक?”

“हो सर.”

“निगडीच्या एका लॅबची लिस्ट आली आहे. डेंगीचे तीन पॉझिटिव्ह. तिघांचा पत्ता एकच चाळ, तुमच्या गावातली. आता लॅब खोटी की तुम्ही?”

“बघून येते सर.”

“बघायलाच गेला होतात ना?” म्हणाले, आणि फोन ठेवला.

म्हणून गुरुवारी मी पुन्हा त्या दारापुढे उभी होते. भिंतीवर माझ्याच अक्षरात सोमवारचं ‘बंद’ तसंच होतं. आत पंखाही तसाच घरघरत होता. आणि आता हे टक टक.

मी फटीला तोंड लावून ओरडले, “कोण आहे आत?”

अगदी खालून, जमिनीजवळून आवाज आला, “म्या गोविंद. किल्ली शंकरकडं हाय.”

तेवढ्यात आबा आले. सुनंदाचा पांढराफटक चेहरा बघून हसायला लागले. “आगं, भूत न्हाई, भाडेकरू हाय. नाइट शिफ्टची पोरं दिवसा झोपत्यात. पार्टनर फस्ट शिफ्टला जाताना भाईरनं कुलूप लावतो. दार उघडं टाकलं तर मोबाइल जातोय. आतनं कडी लावली तर आलेल्यानं बडवून झोपल्याला उठवायचं. एक खोली, एक कुलूप, एक किल्ली.”

“रोज असं?”

“व्हय. समद्या खोल्यांत.”

“शंकरला फोन लावा.”

“फोन कंपनीच्या गेटावर जमा आसतो, बाई. तीनशिवाय न्हाई लागायचा.”

“मग तोडा कुलूप.”

“आन् आतलं काय हारवलं, तर माज्यावर बालंट?”

“आबा, आतला माणूसच हरवला तर कुणावर येईल?” माझा आवाज चढला होता. आबा पहार घेऊन आले.

आत मिट्ट काळोख. दिवसा झोप लागावी म्हणून खिडकीला पुठ्ठा ठोकलेला. गोविंद दाराशीच भिंतीला टेकून बसला होता. पंचविशीचा, परभणीकडचा पोरगा. अंग गार, घामाने चिकट, हिरड्यांतून रक्त, दोन्ही हातांनी पोट दाबून धरलेलं. मला म्हणाला, “सिस्टर, ताप तर उतरलाय, मग आसं काहून होतंय?”

डेंगीची हीच तर लबाडी. ताप उतरतो, माणसाला वाटतं सुटलो, आणि त्याच वेळी रक्तातलं पाणी आतल्या आत झिरपायला लागतं. बीपी कोसळतो. मी नाडी धरली तर बोटाला नीट लागेना. शंकर येईपर्यंत थांबलो असतो, तर मला वाटतं हा पोरगा राहिला नसता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्याला चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत होते.

त्याला ॲम्ब्युलन्समधून नेल्यावर मी मोरीतल्या उघड्या पिंपात टॉर्च मारली. पाणी नुसतं वळवळत होतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डेंगीचा डास चावतो दिवसा. दिवसा गावात घरात कोण असतं? ही कुलपाआड झोपलेली पोरं. म्हणजे जी घरं आम्ही मोजणीतून वगळत होतो, नेमकी तिथेच साथ मुक्कामाला होती.

“चल,” मी सुनंदाला म्हटलं, “सगळी दारं वाजवू.”

पहिल्या कुलपामागून काही नाही. दुसऱ्यामागून खोकला. तिसऱ्यामागून घोगरं “कौन है?” चौथं वाजवलं तर आतून कुणीतरी दारावर नखं ओढल्यासारखा आवाज आला, आणि सुनंदाने माझा दंड घट्ट पकडला. भर उन्हात, एक माणूस दिसत नाही अशा त्या बोळात, आम्ही वाजवत गेलो आणि बंद दारं उत्तर देत गेली. सोमवारी इथे मला चिटपाखरू सापडलं नव्हतं. फटीतून एकेकाची विचारपूस केली; गोविंदइतकं गळालेलं कुणी नव्हतं, म्हणून बाकीची कुलपं न तोडता किल्ल्यांची वाट बघितली.

साडेतीनला फस्ट शिफ्टची बस आली, तेव्हा आम्ही बोळाच्या तोंडाशीच उभ्या होतो. एकेका किल्लीवाल्याला पकडलं, खोल्या उघडवल्या, रक्ताचे नमुने घेतले, पिंपं ओतायला लावली. संध्याकाळी सोमवारच्या फॉर्मवरचं निरंक खोडून दुसरा फॉर्म पाठवला. साहेब फोनवर एवढंच म्हणाले, “आता कसं खरं वाटतंय.”

दोन आठवड्यांनी गोविंद आमच्या केंद्रावर आला. कंपनीत पुन्हा हजर व्हायला फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. वाळून काटकी झाला होता, पण हसत होता. डॉक्टरांची वाट बघत माझ्या टेबलाशी बसला. मी सहज विचारलं, “काय रे, ताप कधीपासून होता?”

“रविवारपून. सोमवारी तुमी आल्ता की.”

“तुला कसं ठाऊक?”

“आतच पडलो व्हतो. खडूचा आवाज आला. उठवंना, तवा आवाज देऊ देऊ म्हणलं. मंग वाटलं, जाऊ द्या, लिहून घेतलंय म्हंजे कुनीतरी येईल.”

मी रजिस्टर उघडून उगाच पानं चाळत बसले. तो बिचारा, आपण काही चुकीचं बोललो की काय म्हणून, माझ्याकडे बघत राहिला.

आता मी रिटायर झाले आहे. कधीमधी नव्या आशाताईंना शिकवायला बोलावतात. फॉर्म तोच आहे, त्यावर ‘बंद’चा रकानाही आहे. मी त्यांना एवढंच सांगते, बायांनो, आधी दाराला कान लावा, खडू नंतर काढा.