बंदूक आखूड करायची ती मागून

दमयंतीला बंदूक आखूड करून हवी होती ती मागून. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तिच्या तोंडून तो शेवटचा शब्द बाहेर पडेपर्यंत कोणी थांबलंच नाही. "बंदूक आखूड करायची आहे" एवढं कानावर पडलं की कोणी दचकायचं, कोणी डोळा मारायचं, आणि "पण मागून" म्हणेपर्यंत समोरचा माणूस आपलं भाषण सुरू करून मोकळा. काय म्हणावं या माणसांना!

बंदूक तिच्या सासऱ्यांच्या वेळची. एकनळी, बारा बोअरची, शेतसंरक्षणाच्या लायसनवर घेतलेली. सासरे ताडमाड, नवरा काशीरामही तसाच, दारातून वाकून आत येणारा. आणि दमयंती म्हणजे दाराच्या वरच्या कडीला जिचा हात कधी पोचला नाही अशी. काशीराम गेला आणि बंदूक हिच्या नावावर झाली, तेव्हा मागचा लाकडी दस्ता खांद्याला लावला की हात घोड्यापर्यंत पोचेना. मग ती काखेत धरून बार काढायची. पहिल्याच बाराला दस्ता असा बसला, की बरगडी काळीनिळी झाली आणि आठवडाभर कुशीवर झोपता आलं नाही.

तुम्ही म्हणाल, कशाला हवी बाईमाणसाला बंदूक? म्हणा, म्हणा. सगळा गाव हेच म्हणत होता. पण डोंगराच्या अंगाला जो पट्टा आहे, तिथे आता एकट्या दमयंतीची नाचणी आणि भात उरलाय. बाकी सगळ्यांनी जमिनी पडीक टाकल्या. माणसं मुंबईला, आणि शेतात झाडोरा. त्या झाडोऱ्यातून माकडांची टोळी दिवसाढवळ्या उतरते, डुकरं काळोखात. फटाके लावून पाहिले, पत्र्याचे डबे बडवून पाहिले. माकडं बांधावर बसून बघतात, करमणूक असल्यासारखी. बंदुकीचा एक बार हवेत काढला तर मात्र दोन दिवस फिरकत नाहीत. तो बार काढता आला तर शेत राहणार, नाहीतर हिचाही तुकडा इतरांसारखा रानात जाणार. एवढीच गोष्ट होती, साधी आणि सरळ.

पण साधी गोष्ट साधी राहू द्यायची नाही असा नेम असलेला एक माणूस घरातच होता. धाकटे दीर, लवूभावजी. स्वभावानं वाईट नव्हेत हो. अडीअडचणीला धावून येणारे. पण दमयंतीला कोणी प्रश्न विचारला की उत्तर भावजी देणार, ही त्यांची जन्माची खोड. लायसन नावावर करायच्या वेळी ठाण्यातून संदेश हवालदार चौकशीला आले, अंगणात खुर्चीवर बसले आणि विचारते झाले, "काय काकी, झेपेल ना बंदूक?" दमयंती चहाचा कप हातात घेऊन तोंड उघडते तोच भावजी म्हणाले, "वैनीला कसली झेपतेय साहेब! नाकापेक्षा मोती जड. शेत आता सोडायलाच सांगतोय मी तिला."

तरी लायसन झालं. ट्रेनिंगला गेली, सर्टिफिकेट आणलं, रत्नागिरीला खेटे घातले, आणि झालं. भावजी म्हणाले, नशीब.

नशीब कसलं! चपला झिजल्या होत्या तिच्या.

बरगडीचा काळेपणा उतरल्यावर ती लायसन आणि बंदूक घेऊन रत्नागिरीतल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडे गेली. हर्षद त्याचं नाव, सरकारी परवाना असलेला कारागीर. तिनं सांगायला सुरुवात केली, "आखूड करायची आहे," आणि हर्षदनं दोन्ही हात वर केले. "नळी कापायचं नाव काढू नका. बिनपरवाना नळी आखूड करणं हा मोठा गुन्हा आहे. वर्षानुवर्षं आत बसाल, मीही बसेन. शिवाय बंदूक हलकी होते, धक्का जास्त बसतो आणि छर्रे कुठच्या कुठे फाकतात. तुमची तर बरगडीच—"

"अरे माझ्या राजा," दमयंती म्हणाली, "मागून! हे लाकूड, दस्ता. मला पुढून लांब होतेय की मागून?"

हर्षद हसला. ते होतं म्हणाला, बिनघोर होतं. माप घ्यायचं, लाकूड कमी करायचं, मागे रबराची गादी बसवायची. पण माझ्या वहीत लिहायला लायसनच्या कार्यालयाचा कागद आणलात तर बरं, उगाच दोघांच्या डोक्याला ताप नको.

आणि इथे दमयंतीनं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. अर्ज लिहायला भावजी बसले. ती सांगत होती आणि ते लिहीत होते. विषय काय घातला त्यांनी? "बंदूक आखूड करून मिळणेबाबत." दस्त्याचा उल्लेख नाही, लाकडाचा नाही. "साहेबलोकांना थोडक्यात लागतं," म्हणाले.

थोडक्यात! आठ दिवसांत संदेश हवालदार पुन्हा अंगणात. वरून आदेश होता, बाईंनी नळी कापलीय का बघा. शेजारच्या शमिकाकडून ब्लाउजची मापं घ्यायची टेप मागवली आणि नळी मोजायला बसले. दमयंती डोक्याशी उभी राहून ओरडत होती, "मागून हो, मागून!" हवालदारांना वाटलं मागच्या टोकापासून मोजायला सांगतेय. तिकडून मोजली. नळी होती तेवढीच भरली. मग चहा झाला. भावजींनी हवालदारांना बाजूला घेऊन सांगितलं, "वैनीचं मनावर घेऊ नका. तिला यातलं काय कळतंय?"

मग निवडणूक लागली. नेमाप्रमाणे लायसनच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा, हिचीही. त्या सगळ्या दिवसांत माकडांनी काय केलं ते विचारू नका. दमयंती बांधावर उभी राहून शिव्या देत होती. तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

बंदूक परत मिळाली तो मे महिना. भावजींचा मुलगा रितेश डोंबिवलीहून आंबे न्यायला आला. तिकडे ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये असतो. माकडं स्वयंपाकघरापर्यंत शिरायला लागली म्हणून खिडक्यांना ग्रिल बसवायची होती, त्यासाठी कापायचं मशीन घेऊनच आला. गुणी मुलगा. काकीवर जीव. त्याची बायको वेदिका दिवस भरत आल्यामुळे माहेरी होती, म्हणून घाईत होता. जेवताना भावजींनी बंदुकीचं रामायण त्याला मीठमिरची लावून ऐकवलं. "आखूड करायला दीड वर्ष कचेरीत फेऱ्या मारतेय तुझी काकी," म्हणाले. रितेश हसून म्हणाला, "दोन मिनिटांचं काम, काकी." दमयंती पानात भात वाढत होती. तिला वाटलं, थट्टा करतोय.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं रत्नागिरीला गेली, कारण कार्यालयातून निरोप आला होता. आणि काय आश्चर्य, या वेळी टेबलावर नवीन पोरगी होती, नम्रता नावाची. तिनं विचारलं, "काकी, नेमकं काय आखूड करायचंय?" नेमकं! हा शब्द दीड वर्षांत पहिल्यांदाच कोणी उच्चारला होता. दमयंतीनं सांगितलं. पोरगी म्हणाली, "मग नळीला हात लागणार नाही, असं लिहून द्या. एवढंच." दुपारपर्यंत कागद हातात पडला. दमयंती इतकी खूश, की मिरकरवाडा बंदरावर जाऊन चांगले बांगडे घेतले, रितेशला आवडतात म्हणून.

संध्याकाळी गाडीतून उतरली तर रितेश रस्त्यापर्यंत सामोरा आला, तोंडभर हसत. "काकी, डोळे मीट." घरात नेऊन त्यानं बंदूक तिच्या हातात दिली. हातभर नळी गायब. मोठ्या मायेनं त्यानं टोक घासून गुळगुळीतही केलं होतं. मागचा दस्ता होता तसाच, लांबलचक.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

बंदुकीच्या कपाटाची किल्ली फडताळात डब्याखाली असते, हे घरात सगळ्यांना ठाऊक. ही चूक तिची, ती नाही म्हणत नाही. पण म्हणून काय कोणी—

"मेल्या," ती म्हणाली, आणि पुढचं तिला सुचेना. मग सुचलं तेव्हा शेजारपाजारच्यांनी दारं लावून घेतली.

तिनं आणलेला कागद वाचल्यावर भावजींचा चेहरा पडला. हर्षदनं काय सांगितलं होतं, ते दमयंतीनं त्यांना पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकवलं. भावजी म्हणाले, विहिरीत टाकू, चोरीला गेली सांग. "आणि पुढच्या निवडणुकीला जमा काय करू? केरसुणी?" ती म्हणाली. "शिवाय चोरीला गेली म्हटलं की कुत्रं आणतील, विहीर उपसतील. माझ्या नावावरची वस्तू आहे. मी उद्या ठाण्यात नेणार."

तेव्हा भावजी रडकुंडीला आले. पोराची नोकरी जाईल, वेदिकाचं बाळंतपण तोंडावर आलंय. आणि हळूच म्हणाले, "वैनी, तू कापलीस असं सांगितलंस तर? तू बाईमाणूस. तुला कोण काय करणार?"

दमयंतीच्या मस्तकात तिडीक गेली. पण डोळ्यांसमोर वेदिकाचं पोट आलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती बराच वेळ बांगडे साफ करत बसली आणि शेवटी म्हणाली, "बरं. सांगते."

सकाळी तिघं रिक्षानं ठाण्यात गेली. संदेश हवालदारांनी गोणपाट उलगडलं आणि त्यांचा हसरा चेहरा उतरला. ते उठून आत गेले, साहेबांना सांगून आले, कागद पुढे ओढला.

"काकी, कोणी कापली?"

"मी."

"कशानं?"

"पुतण्याचं मशीन होतं घरात."

हवालदारांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काकी, ते मशीन हातात धरायला पुरुषाला जड जातं. तुम्हाला झेपलं?" आणि मग भावजींकडे वळून म्हणाले, "काय हो, अंगणात तुम्हीच सांगितलं होतंत ना मला, वैनीला काय झेपत नाही म्हणून?"

भावजी सावरून बसले. "नाय साहेब, तेव्हा मी आपलं बोललो. वैनीला सगळं झेपतं. एवढं शेत एकटी ओढते. मशीनच काय, ट्रॅक्टर द्या, चालवील. बंदूक तर अशी धरते की गावात एका गड्याला जमणार नाय. तिला एखादी गोष्ट करायची म्हटली ना साहेब, की करणार म्हणजे करणार."

खोटं कशाला बोला, क्षणभर दमयंतीला ऐकून बरंच वाटलं. लग्न झाल्यापासून या घरात असं कोणी बोललं नव्हतं. हेच शब्द त्या दिवशी अंगणात निघाले असते, अर्जावर निम्मे जरी उतरले असते, तर आज ती शेतात असती. आणि आता निघाले ते कशासाठी? तिला आत टाकण्यासाठी. तिचा असा भडका उडाला, की वेदिका, बाळंतपण, दात, ओठ, सगळं त्यात गेलं.

"हवालदार, खोडा ते," ती म्हणाली. "मी नाय कापली. मला कापायची असती तर मी मागून कापली असती."

हवालदार लिहायचे थांबले. त्यांनी दस्त्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, काकीच्या हाताच्या लांबीकडे पाहिलं. बहुतेक दीड वर्षांनी त्यांच्या डोक्यात उजेड पडला असावा. मग ते दाराशी उभ्या असलेल्या रितेशकडे बघत राहिले.

"साहेब, मीच," रितेश म्हणाला. "काकी घरी नव्हती. तिला माहीत नव्हतं."

"किल्ली माझी होती, तेही लिहा," दमयंती म्हणाली. "पण कापली त्यानं. मला न विचारता. वाईट हेतू नव्हता त्याचा, तेही लिहा. माझ्यासाठीच केलं त्यानं, गाढवानं."

हवालदारांनी सगळं लिहिलं. बंदूक पुन्हा गोणपाटात गेली, लायसनचं पुस्तक त्यांनी ठेवून घेतलं, आणि रितेशला आतल्या खोलीत बसायला सांगितलं. जाताना त्यानं मागे वळून पाहिलं, तेव्हा दमयंतीला रडू फुटलं. रागानं म्हणा, मायेनं म्हणा. पदरानं डोळे पुसत ती बाहेर पायरीवर येऊन बसली. बंदूक गेली, लायसन गेलं, पोरगा अडकला आणि यंदाचं शेत कसं राखायचं ते देव जाणे.

भावजी येऊन बाजूला उभे राहिले. आता शिव्या घालतील, माझ्या पोराचा गळा कापलास म्हणतील, असं धरून ती तयारीतच होती.

"वैनी," ते म्हणाले, "आता काय करायचं गो?"

तिनं वर पाहिलं. माणूस खरोखरच विचारत होता. विचारून गप्प राहिला होता, उत्तराची वाट बघत.

"आधी वकील," ती म्हणाली. "मग वेदिकाच्या घरी मी फोन करीन. आणि वकिलाकडे बोलायचं ते मी. तुम्ही तिथे तोंड उघडायचं नाय."

भावजींनी मान हलवली आणि रिक्षा थांबवायला गेले.