प्लायवूडच्या मागून दिलेला जबाब

आधीच माफी मागून ठेवते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलेच नाहीत, आणि अक्षर तर असं की कालचं लिहिलेलं आज मलाच लागत नाही. शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर लिहायचं काम पडलं ते शारजात, डब्यांच्या झाकणांवर खोल्यांचे नंबर घालायला. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण मुलीच्या हाती लागलीच तर तिनं हसू नये म्हणून हे लिहिलं.

आम्ही शारजात एका फ्लॅटमधल्या एका खोलीत राहायचो. आमचे हे दुबईत, अल क्वोजच्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये सुतारांचे फोरमन होते. मी दहा-बारा कोकणी बॅचलर मुलांना डबे द्यायची. त्यातून दीड वर्षात बावीसशे दिरहम साठवले, म्हणजे तेव्हाचे पंचवीस हजार रुपये. ते माझ्या आणि मुलीच्या विमानाच्या तिकिटांचे होते. मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं, आणि मी चार वर्षांत माहेरी गेले नव्हते.

थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी हे म्हणाले, "अगं, आमचे अकाउंटंटसाहेब पिक्चर काढतायत. विनोदी. दोन गावाकडचे शाहीर शहरात कॅसेट काढायला जातात आणि कॅसेट कंपनीचा मालक त्यांना कसा नाचवतो, अशी स्टोरी आहे. व्हीसीडी काढून विकणार. फक्त बावीसशे कमी पडतायत."

बरोब्बर बावीसशे कसे कमी पडले, हे मी आजवर विचारलेलं नाही. मी मान हलवली. ती नाही म्हणून हलवली होती. ह्यांनी ती हो धरली आणि माझा पैशांचा डबा उघडला.

आता शाहिरांचं सांगायला हवं. आमच्याकडे कोकणात जाखडी नाचात दोन बाजू असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. शक्तीवाले म्हणतात देवी थोर, तुरेवाले म्हणतात महादेव थोर. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा. जबाब न देता जो उठला तो हरला, आणि ते गावात पुढची वीस वर्षं ऐकवलं जातं. माझे वडील शक्तीचे शाहीर. हे तुऱ्याचे ढोलकीवाले. आमच्या लग्नात दोन्हीकडचे लोक जेवायला वेगळ्या पंगतीत बसले होते.

साहेब पुण्याचे. त्यांना हे काही माहीत नव्हतं. त्यांनी खरेच शाहीर गोळा केले, कारण ते फुकट मिळत होते. शक्तीचे शाहीर क्रेन चालवायचे, तुऱ्याचे शाहीर इमारतींना रंग द्यायचे. मालकाचं काम साहेब स्वतः करणार होते.

शूटिंग शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ह्यांच्या वर्कशॉपमध्येच. भाड्याचा कॅमेरा, कॅमेरेवाला आणि तीन टेप. मी पंचवीस माणसांचं कोंबडीचं कालवण आणि भात घेऊन गेले होते. पुरुषमंडळी बघून मी प्लायवूडच्या थप्पीमागे पातेली मांडून बसले. मला घरात पाहुणा आला तरी घाम फुटतो.

साहेबांनी सूट घातला होता. टाय ऑफिसचाच. पत्र्याखाली त्यांचा चेहरा पहिल्या दहा मिनिटांत टोमॅटोसारखा झाला. त्यांनी सगळ्यांना समजावलं, "हे बघा, सीन सोपा आहे. तुरेवाले एक सवाल टाकतील. शक्तीवाले जबाब द्यायला तोंड उघडतील, तेवढ्यात मी टेबलावर हात आपटून म्हणेन, पाच मिनिटं झाली, खलास! मग दोघंही चूप. ओके?"

"ओके," दोघंही शाहीर म्हणाले. खोटं बोलले असं नाही. तेव्हा त्यांनाही तसंच वाटत होतं.

ह्यांनी ढोलकीवर थाप मारली. तुऱ्याच्या शाहिरांनी कानावर हात ठेवून सवाल टाकला:

"देव जन्मायच्या आधी पाळणा टांगला कुणी?
सांग शक्तीवाल्या, नाहीतर ऊठ मान खाली घालुनी!"

शक्तीच्या शाहिरांनी तोंड उघडलं. साहेबांनी टेबलावर हात आपटला. "खलास!"

"खलास कसं?" शक्तीचे शाहीर म्हणाले. "जबाब राहिला ना."

"जबाब द्यायचाच नाहीये. तीच तर गंमत आहे."

"गंमत तुमची होईल साहेब. टेपवर माझं तोंड उघडं आणि जबाब नाही. उद्या गावात गेली ही व्हीसीडी तर माझ्या बापाला कोण तोंड दाखवील?"

"बरोबर आहे," तुऱ्याचे शाहीर म्हणाले. "देऊ दे जबाब. येत असला तर."

झालं. तो 'येत असला तर' पुरला. शक्तीचे शाहीर सुरू झाले. एक जबाब दिला, तो तुरेवाल्यांनी खोडला. दुसरा दिला, तोही खोडला. मध्येच शाहिरांनी साहेबांवरही दोन ओळी टाकल्या, की टाय गळ्याला आणि अक्कल गहाण. साहेब ओरडत होते, "कट! अरे कट म्हणतोय मी!" कॅमेरेवाला केरळचा, त्याला मराठी येत नव्हतं, आणि साहेबांचा 'कट' त्याला गाण्यातलाच वाटला, कारण तो दर वेळी नेमका तालावर यायचा. पहिली टेप संपली. त्यानं दुसरी घातली. दुसरीही संपली. वॉचमन पठाण कुलूप घेऊन आला आणि "यल्ला, बंद करो" म्हणाला, मग झांजेचा आवाज ऐकून कुलूप मांडीवर ठेवून बसला.

मी मागे बसून भाताकडे बघत होते. वाफ केव्हाच गेली होती. कालवणावर तेलाची साय धरली होती. माझी तिकिटं त्या तीन टेपमध्ये होती आणि तिसरी फिरत होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शक्तीच्या शाहिरांना जो जबाब सापडत नव्हता, तो मला येत होता. वडिलांनी आमच्या अंगणात तो दिला होता, मी सात-आठ वर्षांची असताना.

साहेब खुर्चीवर बसले. त्यांचा आवाज बसला होता. "टेप संपतेय हो," ते अगदी हळू म्हणाले.

मला कुणी ढकललं ते माहीत नाही. मी डोळे मिटले आणि प्लायवूडच्या मागूनच गायले:

"नऊ महिने जिनं झुलवला पोटी देव तान्हा,
तीच दोरी, तीच पाळणा, आता तरी हो शहाणा!"

ढोलकी थांबली. ह्यांनी आवाज ओळखला. पण ताल मोडणं म्हणजे ह्यांना पाप, म्हणून लगेच पुन्हा वाजवायला लागले. तुऱ्याचा माणूस शक्तीच्या जबाबाला ढोलकी वाजवतोय! आणि मी थांबायचं सोडून, वडिलांच्या जबाबात नव्हतं तेही जोडलं:

"उठा शाहीर आता, भात झाला गार,
जेवून मग भांडा, तास आणखी चार!"

तिसरी टेप तिथं संपली. तुऱ्याच्या शाहिरांनी कानावरचा हात खाली घेतला, म्हणाले, "जबाब लागला. वाढा वहिनी." मी वाढायला बाहेर आलेच नाही. पातेली ह्यांनी नेली.

स्टोरीतलं एक पानही शूट झालं नव्हतं. साहेब आठ दिवस आजारी रजेवर गेले. मग त्यांनी टेप बघितल्या, आणि घरच्यांना दाखवल्या, तर त्यांची बायको हसून हसून सोफ्यावरून खाली सरकली. सूट घातलेला माणूस कट-कट करत रडकुंडीला येतो आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही, हाच पिक्चर झाला होता. साहेबांनी अडीचशे व्हीसीडी काढल्या. तीस वाटण्यात गेल्या. उरलेल्या दोनशे वीस, दहा दिरहमला एक, एकशे पंधरा रुपये, माझ्या खाटेखाली आल्या. विकल्या की पैसे माझे, असं ठरलं.

माझी मुलगी म्हणाली, "मम्मी, नोबडी विल बाय धिस."

पण घेतल्या. शक्तीवाल्यांनी घेतल्या, तुरेवाल्यांना दाखवायला. एकेका खोलीत चार-चार गेल्या. डबे न्यायला येणारी मुलं डब्यावर व्हीसीडी ठेवून न्यायची. मार्चपर्यंत माझ्याकडे तेराशे जमले. मग शक्तीवाले संपले आणि विक्री थांबली. लग्न जवळ येत होतं. भाऊ फोनवर विचारायचा, "ताई, येतेस ना?" मी म्हणायची, "बघू."

ह्यांना मी एकदाच म्हटलं, "तुमचे लोक घेत नाहीत का?"

"आमचे लोक माझ्याशी बोलत नाहीत," हे म्हणाले. "म्हणतात, ढोलकी कुणाची, जबाब कुणाचा."

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी बेल वाजली. तुऱ्याचे शाहीर, हातात रिकामी पिशवी, नखांत पांढरा रंग.

"वहिनी, किती उरल्यात?"

"नव्वद," मी दाराच्या फटीतून म्हटलं.

"सगळ्या द्या."

"एवढ्या कुणाला दाखवणार?"

"दाखवायला नको, म्हणून तर घेतोय. आमच्या मंडळानं वर्गणी काढली. सामानात बांधून ठेवणार. हरल्याचा पुरावा बाजारात कशाला?"

मी दार पूर्ण उघडलं. खाटेखालून तीन खोकी ओढली. त्यांनी एक-एक व्हीसीडी मोजून पिशवीत भरली, एक बाजूला काढून खिशात घातली. मी बघितलं तसं म्हणाले, "ही माझ्यासाठी. गळा चांगला आहे तुमचा. कुणाला सांगू नका मी म्हटलं म्हणून."

मग त्यांनी नोटा काढल्या, पन्नासच्या, वीसच्या, दहाच्या, काहींना रंगाचे डाग, आणि माझ्या हातावर मोजल्या. नऊशे. डब्यातले तेराशे. बावीसशे पुरे झाले.